मूड स्टॅबिलायझर बंद करायचेच असतील तर : वेग, क्रम आणि तपासण्या

सावकाश

बायपोलर म्हणजे मूड कधी तेजीच्या टोकाला (मॅनिया), तर कधी डिप्रेशनमध्ये जाणारा आजार, आणि मूड स्टॅबिलायझर म्हणजे तो मूड स्थिर ठेवणारी औषधं. या गोळ्यांबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'आता बरं आहे, तर बंद कधी करायच्या?' खरं तर 'बंद कराव्यात का' हा एक प्रश्न आणि 'कशा कराव्यात' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसूनच काढायचं. तिथे आधीचे एपिसोड (तेजीचे किंवा डिप्रेशनचे झटके) किती आणि किती तीव्र होते, आत्महत्येचा प्रयत्न झाला होता का, घरच्यांमध्ये कुणाला हा आजार आहे का, हे सगळं मोजावं लागतं. हा धागा दुसऱ्या प्रश्नाचा आहे. वेग किती, आधी कोणतं औषध, कोणत्या तपासण्या आणि गाडी कुठे घसरते. इथे कुणाचाही डोस ठरवला जाणार नाही. आकडे येतील ते गणित कळावं म्हणून.

सुरुवात लिथियम या मूड स्टॅबिलायझरपासून करतो, कारण घाई तिथेच सर्वात महाग पडते. १९९१ साली चौदा अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. लिथियम थांबवल्यावर जे एपिसोड परत आले, त्यांतले निम्म्याहून जास्त पहिल्या दहा आठवड्यांतच आले होते. आजार नुसता आपल्या चालीने परतला असता तर तो असा गर्दी करून आला नसता, तेव्हा थांबवण्याची क्रियाच मेंदूला धक्का देते असं दिसतं. १९९३ मध्ये दोन आठवड्यांच्या आत बंद करणारे आणि दोन ते चार आठवडे घेऊन बंद करणारे यांची तुलना झाली, त्यातही सावकाश जाणाऱ्यांचा निकाल स्पष्टपणे बरा होता. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची सूचना आहे की लिथियम किमान ४ आठवडे आणि शक्यतो ३ महिने घेऊन उतरवावं. आपल्याकडे बरेच जण स्ट्रिप संपली की बंद करतात.

गोळीशास्त्र

वेगाच्या मुद्द्याला एक जोड. १९८९ मध्ये गेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ९४ रुग्णांचे दोन गट केले. एकाची रक्तातली लिथियम पातळी ०.८ ते १.० आणि दुसऱ्याची ०.४ ते ०.६ मिलीमोल प्रति लिटर ठेवली. कमी पातळीच्या गटात एपिसोड परतण्याचा धोका २.६ पट निघाला आणि 'जास्त पातळी चांगली' असा निष्कर्ष रूढ झाला. पुढे २००२ मध्ये त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण झालं. कमी पातळीच्या गटातले पुष्कळ जण आधी जास्त पातळीवर होते आणि त्यांना एकदम खाली आणलं होतं. खरा घोळ त्या उडीत होता. म्हणजे औषध चालू असतानाही डोस झपकन निम्मा केला तर तो 'अर्धा बंद'च समजा. 'मी कुठे सोडलंय, फक्त कमी केलंय' हे वाक्य फसवं आहे.

आता गणित. समजा रोज ९०० मिग्रॅ आहे आणि पातळी ०.७५. डोस आणि पातळी साधारण सरळ प्रमाणात चालतात. दर चार आठवड्यांनी १५० उतरवलं तर:

७५० ला अंदाजे ०.६३
६०० ला ०.५
४५० ला ०.३८
३०० ला ०.२५
१५० ला ०.१३

आणि मग शून्य. सगळं मिळून वीस आठवडे. पातळी ०.६ च्या खाली गेली की बऱ्याच जणांसाठी संरक्षण विरळ होऊ लागतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच डोळ्यांत तेल घालून पाहायचं. लोक उलट करतात. सुरुवातीला बिनधास्त असतात आणि शेवटच्या अर्ध्या गोळीला घाबरतात.

अर्धीगोळी

१५० कसे उतरवणार? माझ्या ओळखीच्या दुकानात फक्त ४०० ची एसआर मिळते.

केमिस्टकाका

हाच अडथळा नेहमी येतो. एसआर, सीआर, एक्सएल अशी अक्षरं असलेली गोळी कुटायची किंवा चावायची नाही. तशी केली तर दिवसभर झिरपायचं औषध तासा-दोन तासांत रक्तात उतरतं. डोस कमी केल्याच्या समाधानात पातळीचा कळस मात्र वाढलेला असतो. काही एसआर गोळ्या मधल्या रेघेवर तोडता येतात, पण ते त्या-त्या कंपनीच्या माहितीपत्रकात असेल तरच.

सोपा मार्ग असा की डॉक्टरांकडून ३०० च्या साध्या गोळीवर बदल लिहून घ्या. लिथोसन ३०० किंवा लिकॅब ३००, दोन्ही मागवून मिळतात. रेघ असलेली साधी गोळी पिल कटरने नीट अर्धी होते, सुरीने चुरा होतो. पण एसआरवरून साध्यावर जाणं हा स्वतंत्र बदल आहे. ज्या दिवशी प्रकार बदलला त्याच दिवशी डोस उतरवू नका. आधी बदला, आठवड्याने पातळी पाहा, मग पहिली पायरी.

आणि ब्रँड मध्येच बदलू नका. उतरवण्याचे पाच महिने एकाच कंपनीची गोळी ठेवा. दुकानदार 'सेमच आहे' म्हणेल, आणि एरवी ते चालतंही. पण पातळी हलली तर कारण डोस की गोळी, हे मग कळत नाही.

नोंदवही

लॅबच्या बाजूने तीन गोष्टी, कारण इथले निम्मे गोंधळ रक्त काढण्यातच होतात.

१. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. अकरा-तेरा चालेल, आठ नाही. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर.

२. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी. लिथियमचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण एक दिवसाचं, वयस्कर माणसात आणि मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी काढलेली पातळी ही वाटेतली पातळी, मुक्कामाची नव्हे.

३. हिरव्या टोपणाची नळी नको. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बहुधा लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं, म्हणजे नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि अहवाल खोटा वर जातो. लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी आहे ना, ते सुई टोचण्याआधी पाहा. नमुना घ्यायला घरी आलेला मुलगा नवखा असेल तर हे हमखास चुकतं.

उतरवायला सुरुवात करण्याआधीचे आकडे हाताशी हवेत. क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर (दोन्ही मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, वजन. लिथियम थांबल्यावर थायरॉइड बऱ्याचदा सुधारतो, मग चालू असलेली थायरॉक्सिनची गोळी जास्त होऊ शकते. जास्त थायरॉक्सिनमुळे छातीत धडधड, झोप उडणं, चिडचिड असं होतं आणि ते मॅनियासारखं दिसतं. म्हणून बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा.

वैनगंगा

उन्हाळ्यात उतरवायला सुरू करू नये का? आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर असतो.

गोळीशास्त्र

पातळीच्या दृष्टीने उन्हाळा हा वाढण्याचा धोका, उतरण्याचा नाही. घाम, जुलाब, निर्जळी उपास, अचानक मीठ तोडणं या सगळ्यांत मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही धरतं. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकचंही तेच. अंग दुखलं की कॉम्बिफ्लाम घ्यायची आपली सवय इथे घातक ठरते, पॅरासिटामॉल घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांतली थायझाइड, टेल्मिसार्टनच्या गटातली आणि रामिप्रिलच्या गटातली औषधं पातळी वर नेतात.

उतरवताना याचा अडथळा वेगळा असतो. डोस कमी केला, पण त्याच आठवड्यात नवरात्राचे कडक उपास झाले, तर पातळी खाली येतच नाही आणि 'पहिली पायरी किती सहज गेली' असा भास होतो. उपास सुटल्यावर पातळी दोन पायऱ्या एकदम उतरते. म्हणून उतरवण्याच्या काळात पाणी, मीठ आणि चहा-कॉफी रोजच्यासारखी ठेवा. कॉफी एकदम सोडली तरी पातळी वाढते, हे कुणी सांगत नाही. 'मूत्रल' म्हणून मिळणारे काढेही या काळात नकोत.

सावकाश

आणि विदर्भाच्या मूळ प्रश्नाचं दुसरं उत्तर : ऋतू महत्त्वाचा, पण ज्याचा त्याचा. जुने एपिसोड कागदावर महिन्यांनी मांडा. तीनपैकी दोन मॅनिया फेब्रुवारी-मार्चला आले असतील तर खालच्या पायऱ्या तेव्हा येणार नाहीत असं वेळापत्रक आखा. घरातलं लग्न, रात्रपाळी, परीक्षा, परदेशचा प्रवास, गणपतीतली दहा दिवसांची जागरणं, यांतलं काही पुढच्या दोन महिन्यांत असेल तर पायरी थांबवा. थांबणं म्हणजे माघार नव्हे, दोन महिने ६०० वरच राहिलात तर काही बिघडत नाही.

रात्रराणी

लिथियमवर बरंच झालं. बहुतेकांच्या पाकिटात तीन-चार औषधं असतात. क्रम कोणता?

गोळीशास्त्र

एका वेळी एकच, हा एकमेव नियम सगळीकडे लागू. दोन औषधं एकत्र उतरवली आणि झोप बिघडली तर दोष कुणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

क्रम साधारण असा लावतात. झोपेसाठी तात्पुरती दिलेली क्लोनाझेपाम वगैरे आणि डिप्रेशनची गोळी यांचा विचार आधी होतो, कारण बायपोलरमध्ये अँटिडिप्रेसंट लांबवर चालू ठेवण्याला मुळात आधार कमी. पण त्याही सावकाशच. क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू असेल तर ती उतरवणं लिथियमहून अवघड जातं आणि एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ज्या औषधाने खरोखर आवर घातला ते सगळ्यात शेवटी.

मग एकमेकांवरचे परिणाम. इथे डॉक्टरही घाईत चुकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन हे दोन मूड स्टॅबिलायझर एकत्र असतील तर व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनचं विघटन रोखून धरतं, पातळी साधारण दुप्पट ठेवतं. व्हॅल्प्रोएट काढलं की लॅमोट्रिजिन आपोआप निम्म्यावर येतं. कागदावर एक औषध बंद झालं, शरीरात दीड. त्यामुळे लॅमोट्रिजिनचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो.

कार्बामाझेपिन या मूड स्टॅबिलायझरचं उलटं. ते यकृतातली एन्झाइम चेतवतं आणि बाकीची औषधं जाळून टाकतं. ते थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत एन्झाइम शांत होतात आणि क्वेटियापिन, रिस्पेरिडोन (अँटिसायकोटिक गटातली, मॅनियातही देतात ती औषधं) आणि लॅमोट्रिजिन यांची पातळी न मागता चढते. सुस्ती, तोल जाणं, हातापायांचा ताठरपणा दिसला तर आधी हे तपासा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) त्या काळात दर आठवड्याला.

गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन असेल तर लॅमोट्रिजिन निम्म्याच्या आसपास घसरतं. ती गोळी सुरू किंवा बंद करणं हाही डोस बदलच.

अर्धीगोळी

लॅमोट्रिजिन बंद करायला सर्वात सोपं म्हणतात, खरं का? आणि मध्येच चार-पाच दिवस राहिली तर?

केमिस्टकाका

बंद करायला त्यातल्या त्यात सोपं. कंपनीच्या माहितीपत्रकात किमान दोन आठवडे आहे, बायपोलरसाठी चार किंवा जास्त घ्यावे. अवघड आहे ते पुन्हा सुरू करणं. खंड पाच अर्धायुष्यांपेक्षा मोठा झाला (एकटं असेल तर साधारण पाच-सहा दिवस, सोबत कार्बामाझेपिन असेल तर त्याहून कमी) की पहिल्या पायरीवर जावं लागतं. दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, एक आठवडा १००, मग २००. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर याच्या निम्म्या वेगाने, २५ एक दिवसाआड. थेट २०० गिळली तर स्टीव्हन्स-जॉन्सनचा धोका. त्यात त्वचा सोलवटते, तोंडात-डोळ्यांत फोड येतात, जीव जाऊ शकतो. म्हणून 'बंद करून बघू, नाही जमलं तर लगेच चालू करू' हे लॅमोट्रिजिनला लागू नाही. परत जायला पाच आठवडे लागतात.

नोंदवही

व्हॅल्प्रोएटबद्दल इतकंच की १००० वरून २५० च्या पायऱ्यांनी, दर दोन ते चार आठवड्यांनी. ज्यांना फिट्स आहेत किंवा कधी काळी होत्या, त्यांनी न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हात लावू नये.

मूल होऊ शकेल अशा वयातल्या बाईला मात्र हे औषध 'बंद करावं का' हा प्रश्नच वेगळा. गरोदरपणी घेतल्यास बाळात मोठं व्यंग होण्याचं प्रमाण दहातलं एक, आणि वाढीत-शिकण्यात अडचणी दहातल्या तीन ते चार मुलांत. म्हणून ते गर्भधारणेच्या आधीच, गर्भनिरोधन चालू असताना, दुसऱ्या औषधाचा आधार बसवून काढतात. घरात चाचणी पॉझिटिव्ह आली आणि घाबरून सगळ्याच गोळ्या त्याच रात्री फेकल्या, ही सर्वात वाईट रीत. गरोदरपणात मूड स्टॅबिलायझर थांबवणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचा धोका चालू ठेवणाऱ्यांच्या दुप्पट दिसला आहे, आणि एकाएकी थांबवणाऱ्यांमध्ये तो काही आठवड्यांतच येतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, गोळीबद्दलचा निर्णय त्यांच्याकडून. लिथियममुळे बाळाच्या हृदयात व्यंग होण्याचा धोका डोसनुसार बदलतो, त्यामुळे तिथे नेहमी बंदच करतात असं नाही.

रात्रराणी

क्वेटियापिन-ओलांझापिन?

गोळीशास्त्र

यांच्यात सरळ पायऱ्या चालत नाहीत. ओलांझापिन १० वरून ५ केलं तर मेंदूतल्या रिसेप्टरवरचा (औषध जिथे चिकटतं त्या जागांवरचा) ताबा थोडाच सुटतो, पण २.५ वरून शून्य केलं की एकदम मोठा तुकडा निसटतो. म्हणून ठरावीक मिलिग्रॅमऐवजी आत्ताच्या डोसच्या प्रमाणात उतरवतात : १०, ७.५, ५, ३.७५, २.५, १.२५, मग त्याचं अर्धं. खालच्या पायऱ्या लहान आणि लांब. लिथियमसाठी हीच वक्ररेषा लावावी असं काही जण लिहितात. त्याला तितका पाया नाही, तिथे पातळी मोजता येते, मग अंदाज कशाला?

क्वेटियापिन उतरवताना झोप जातेच. आता मुख्य भेद. झोप येत नाही, कूस बदलतोय, सकाळी डोळे चुरचुरतात, दिवसभर मरगळ : हा औषध सुटण्याचा त्रास, एक-दोन आठवड्यांत ओसरतो. चार तास झोपून माणूस ताजातवाना, पहाटे चारला उठून माळा आवरायला घेतोय : ही तेजी आहे. दोन रात्री लागोपाठ असं झालं तर तिसऱ्या रात्रीची वाट पाहायची नाही.

वैनगंगा

ही लक्षणं रुग्णाला स्वतःला कळतात का? तेजीत तर 'आयुष्यात इतकं छान कधीच वाटलं नव्हतं' असं असतं.

सावकाश

बहुतेकदा नाही कळत, म्हणूनच घरातला एक माणूस आधीच नेमायचा. पाळत म्हणून नको, करार म्हणून. कागदावर तीन-चार खुणा लिहायच्या, त्या माणसाच्या स्वतःच्या. कुणी रात्री दोनला ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकायला लागतं, कुणाचे यूपीआयचे व्यवहार एकदम तिप्पट होतात, कुणी नवा धंदा काढतं, कुणी बोलताना समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही. शेजारी लिहायचं : खूण दिसली तर डोस मागच्या पायरीवर जाईल, तो किती, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं असेल. उतरवण्याच्या काळात यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करून ठेवा आणि शेअरचं ॲप फोनवरून काढा. तेजी आल्यावर हे कुणी करू देत नाही.

कायद्याचा आधारही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे प्रौढ व्यक्तीला 'उपचार कसे हवेत, कसे नकोत' हे आगाऊ लिहून ठेवता येतं आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. तब्येत ठीक असताना लिहिलेला हा कागद उतरवण्याच्या फाइलीत पहिला असावा.

डिप्रेशनची बाजू विसरू नका, ती गुपचूप येते. लिथियम थांबल्यानंतरच्या काळात, विशेषतः पहिल्या वर्षात, आत्महत्येचा धोका वाढतो. 'मी नसलो तर बरं' असं वाक्य आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही. टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास मराठीतून बोलता येतं, पण जीवाला धोका दिसत असेल तर माणसाला एकटं न सोडता थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

नोंदवही

एक अपवाद ठळकपणे लिहून ठेवते, नाहीतर 'सावकाश, सावकाश' वाचून कुणी चुकीच्या जागी सावकाश जाईल.

हात मोठ्याने थरथरतात, उलट्या-जुलाब, बोबडं बोलणं, दारू प्यायल्यासारखी चाल : लिथियम विषबाधा. पुढची गोळी घ्यायची नाही, तडक रुग्णालय. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिनवर तापासह पुरळ : तेच. व्हॅल्प्रोएटवर पोटात असह्य कळ, कावीळ किंवा गुंगी वाढत जाणं : तेच. इथे एका दिवसात बंद करणं बरोबर असतं, आणि मूडचं काय ते वॉर्डात दुसऱ्या औषधाने सांभाळतात. मूत्रपिंडामुळे लिथियम काढायचं असेल तर मात्र सहसा वेळ असतो. क्रिएटिनिन वर्षांत चढतं, दिवसांत नाही. 'किडनी गेली' म्हणून एका रात्रीत बंद करण्याआधी नेफ्रॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा.

अर्धीगोळी

शेवटची गोळी घेतल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं?

सावकाश

लिथियम असेल तर पहिले तीन महिने अगदी जवळून, आणि नाइसच्या सूचनेप्रमाणे कोणतंही औषध पूर्ण थांबल्यावर दोन वर्षं. पहिल्या तीन महिन्यांत महिन्यातून एकदा तरी भेट, 'ठणठणीत आहे' असं वाटत असलं तरी. झोपेची वही तोवर चालूच : किती वाजता आडवे, किती वाजता उठले, मूड शून्य ते दहा. तीन आकडे, रोज.

केमिस्टकाका

आणि उरलेल्या स्ट्रिप्स. उतरवता उतरवता घरात १५०-२०० गोळ्या साठतात, कारण जुनी चिठ्ठी दाखवून दर महिन्याला पूर्ण डोसचं औषध आणलं जातं. लिथियमचा एवढा साठा घरात असणं धोक्याचं, तब्येत बिघडली तर तो हाताशी नको. प्रत्येक पायरीला नवी चिठ्ठी घ्या, दोन-तीन आठवड्यांपुरतंच औषध आणा, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली त्या नेमलेल्या माणसाकडे. पुन्हा सुरू करायची वेळ आलीच तर कपाटातल्या जुन्या स्ट्रिपवरून जुना डोस चालू करायचा नाही. क्रिएटिनिन, टीएसएच नव्याने, आणि डोस खालून वर.